‘बहाला’चं कूळ

प्रशांत महासागरात मुख्य इंजिनाचा एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळला, तेव्हा मी थर्ड इंजिनियर होतो. व्हॉल्व्ह बदलायचा तर इंजिन बंद करावं लागतं, आणि इंजिन बंद पडलेलं जहाज लाटांना अंग देऊन आडवं लोळू लागतं. अशा वेळी टनाच्या आसपास वजनाचा व्हॉल्व्ह क्रेनच्या हुकाला लटकवणं म्हणजे इंजिनरूममध्ये लोखंडी झोपाळा बांधणं. आमचा फिटर फिलिपिन्समधल्या बातांगासचा, वयाने माझ्या वडिलांच्या जवळपासचा. त्याने स्लिंग बोटांनी चाचपली, शॅकलची पिन पुन्हा आवळली, चार बाजूंना चार दोर बांधून चौघांच्या हातात दिले आणि कुणी कुठे मुळीच उभं राहायचं नाही ते खुणेने दाखवलं. मग दोन हेलकाव्यांमधली उसंत हेरली, “बहाला ना” म्हणाला आणि क्रेनचं बटण दाबलं.

हे दोन शब्द फिलिपिनो माणसांबरोबर काम केलेल्या कुणाच्याही कानावर पडतातच. त्यांचा अर्थ ‘होईल ते होईल’ असा सांगितला जातो, आणि त्यावरून ही माणसं दैववादी आहेत, सगळं रामभरोसे सोडतात, असा शेराही मारला जातो. मीही तोवर तेच मानत होतो. पण चार दोर बांधून मग बोललेला शब्द रामभरोसे कसा? व्हॉल्व्ह जागेवर बसल्यावर मी फिटरला विचारलं. तो म्हणाला, “थर्ड, बथाला म्हणजे आमचा जुना देव. ‘बथाला ना’ म्हणजे आता त्याच्या हातात.” आणि लगेच हसून दुसरं रूप सांगितलं. त्याची मुलं म्हणतात, ‘बहाला ना सी बॅटमॅन’: आता बॅटमॅनच बघून घेईल.

बथाला खरोखरच त्यांचा देव होता. स्पॅनिश लोकांनी 1565 मध्ये फिलिपिन्सच्या बेटांवर ठाणं दिलं, त्याआधीच्या तागालोग लोकांचा तो सर्वश्रेष्ठ देव. जेझुइट पाद्री पेद्रो चिरिनो याने 1604 मध्ये छापलेल्या वृत्तांतात त्याचं वर्णन सृष्टीकर्ता असं केलं आहे. प्रवासाला निघताना तिग्मामानुकान नावाचा पक्षी आडवा गेला, तर त्याच्या दिशेवरून लोक शकुन घ्यायचे. तो पक्षी बथालाचा निरोप्या मानला जाई. भारद्वाज दिसला म्हणून बरं वाटणाऱ्या माझ्यासारख्याला हे समजावून सांगावं लागत नाही. बथाला हे नावही आपल्या ओळखीचं निघतं. संस्कृतातला ‘भट्टार’, म्हणजे पूज्य स्वामी, जावा आणि मलय मुलखात ‘बतारा’ झाला आणि लुझोन बेटावर बथाला. आपल्याकडे तोच शब्द ‘भट्टारक’ या रूपात जैन धर्मपीठांनी जपला आहे.

फिटरने सांगितलेली व्युत्पत्ती फिलिपिन्सभर मान्य आहे. ती ऐकायला इतकी चपखल आहे की पुढे शोधावंसंच वाटत नाही. मात्र भाषेचे अभ्यासक ‘बहाला’चं मूळ देवाच्या नावात शोधत नाहीत. ते वजनाच्या शब्दाकडे बोट दाखवतात. तो शब्द ‘भार’. आपण रोज वापरतो तोच.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते ओढूनताणून वाटलं. कानाला तर ‘हवाला’ जास्त जवळचा वाटतो. आपण देवावर हवाला ठेवतोच की. पण हवाला अरबीतून आला, त्याचं घराणं वेगळं. ‘भार’चा दावा नुसत्या सारख्या ध्वनीवर उभा नाही, त्यामागे शिस्त आहे. तागालोगमध्ये आलेल्या संस्कृत शब्दांत ‘र’चा ‘ल’ झालेला वारंवार दिसतो. ‘अर्घ’ म्हणजे मोल. तो मलयमध्ये ‘हर्गा’ झाला आणि तागालोगमध्ये ‘हलागा’, अर्थ किंमत. ‘चरित’ तिथे ‘सलिता’ झालं, अर्थ शब्द, बोली. ‘संप्रत्यय’, म्हणजे पक्का विश्वास, ‘संपालाताया’ झाला, आणि आज चर्चमध्ये श्रद्धेसाठी जो शब्द उच्चारतात तो याच्यापासूनच घडवलेला आहे. राहिला ‘भ’. महाप्राण वर्ण त्या मुखांना जड जातात, म्हणून ते फोडून दोन अक्षरं केली जातात. ‘भाषा’ची ‘बहासा’ झालेली आपल्याला इंडोनेशियामुळे ठाऊक आहे. त्याच रीतीने ‘भार’चा मलयमध्ये ‘बहारा’ आणि तागालोगमध्ये ‘बहाला’.

हा शब्द तिकडे पोचला असेल तो गोण्यांसोबत, असं मला वाटतं. मलय मुलखात ‘बहारा’ हे व्यापारी वजनाचं माप होतं. माजेलानच्या ताफ्यातला इटालियन लेखक पिगाफेट्टा 1521 मध्ये तिदोर बेटावर पोचला, तेव्हा तिथे लवंगांचे सौदे याच ‘बहार’ मापाने चालत होते. आपल्याकडेही भार हे माप होतंच. ‘अठरा भार वनस्पती’ हा जुना शब्दप्रयोग त्याचीच आठवण आहे.

या देवाणघेवाणीचा एक साक्षीदार मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. 1989 मध्ये लागुना प्रांतात लुंबान नदीच्या मुखाजवळ एका मजुराला तांब्याचा पातळ पत्रा सापडला. मांग्यान आदिवासींमध्ये राहणारे डच अभ्यासक आंतोन पोस्त्मा यांनी तो वाचला. त्यावरची तिथी आपल्या पंचांगातली आहे: शके 822, वैशाख, कृष्ण चतुर्थी, सोमवार, म्हणजे इसवी सन 900 मधल्या एप्रिलची 21 तारीख. भाषा मुख्यतः जुनी मलय, पण त्यात सेनापती आहे, नायक आहे, जयदेव हे नाव आहे. लेखाचा विषय मात्र राजाची स्तुती नाही. नाम्वरान नावाच्या गृहस्थावर 1 कट्टी 8 सुवर्ण वजनाच्या सोन्याचं कर्ज होतं. त्यातून मुक्तता झाल्याचा दाखला, ‘विशुद्धपत्र’, त्याच्या मुलांच्या हाती दिला आहे. फिलिपिन्समधला सर्वांत जुना, काळ नक्की ठाऊक असलेला लेख हा असा एका घराच्या डोक्यावरून उतरलेल्या ओझ्याचा आहे. कर्जासाठी त्यात वापरलेला ‘हुतांग’ हा शब्द आजही तागालोगमध्ये ‘उतांग’ म्हणून जिवंत आहे, आणि उपकाराच्या जाणिवेला ते ‘उतांग ना लोओब’, अंतरंगातलं ऋण, म्हणतात. आपल्या ‘आभार’ शब्दातही भार बसलेला आहेच.

गोणीच्या वजनापासून ‘बहाला’ कुठे कुठे पोचला, ते त्याची आजची रूपं सांगतात. ‘अको आंग बहाला’ म्हणजे ते माझ्याकडे लागलं, मी बघतो. ‘इकाव आंग बहाला’ म्हणजे तू ठरवशील तसं. ‘बहाला का’ म्हणजे तुझं तू बघ. हे रागाने म्हटलं की मराठीतल्याइतकंच झोंबतं. ‘नाबाबाहाला अको’ म्हणजे मला चिंता लागली आहे. ‘मामाहाला’ म्हणजे कारभार पाहणं, आणि त्याच धातूपासून ‘पामाहालाअन’, म्हणजे सरकार. ओझं, जबाबदारी, चिंता आणि राज्यकारभार, सगळं एका घरात नांदतं.

हे वाचून नवल वाटलं, मग आपल्याच भाषेकडे पाहिलं. नवा अधिकारी ‘पदभार’ स्वीकारतो. रजेवर जाणारा ‘कार्यभार’ सोपवतो. जहाजावर आम्ही ‘चार्ज’ देतो-घेतो, आणि त्या इंग्रजी शब्दाचं मूळही गाडीवर माल लादण्यातच आहे. माणसाने सत्ता प्रथम ओळखली ती खांद्यावरच्या वजनाच्या रूपात, असं या शब्दांवरून दिसतं. आणि ‘बहाला’चा सगळा संसार मराठीत सामावणारा शब्दही सापडला: काळजी. आपल्याला काळजी वाटते, आपण काळजी घेतो, आणि सगळं करून झालं की म्हणतो, ‘देवाला काळजी’. तिकडच्या आया म्हणतात, ‘दियोस ना आंग बहाला’. बथालाच्या जागी स्पॅनिश ‘दियोस’ आला; वाक्याची बैठक तीच राहिली.

फिलिपिन्स विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेदो लाग्माय यांनी 1977 मध्ये ‘बहाला ना’चा अभ्यास मांडला, तो मला माझ्या फिटरचंच वर्णन वाटतो. माणसं हे शब्द नेमके केव्हा उच्चारतात, याकडे त्यांनी लक्ष दिलं. हातातली माहिती अपुरी असते, धोका समोर असतो आणि तरीही माघार घ्यायची नसते, अशा क्षणी. दैवापुढे हात टेकणं हा त्याचा अर्थ नसून अनिश्चिताला सामोरं जाण्यासाठी स्वतःला दिलेलं बळ हा आहे, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यातल्या एका फिलिपिनो टेहळणी बटालियनने हेच दोन शब्द आपलं ब्रीद म्हणून घेतले होते. त्यांचे जवान पाणबुडीतून जपानव्याप्त बेटांवर गुपचूप उतरत. बेफिकीर माणसं असल्या कामाला उपयोगाची नसतात.

ओझं वाहण्याची ही ओढ त्या समाजात उघड दिसते. दर वर्षी 9 जानेवारीला मनिलात कियापोच्या चर्चची मिरवणूक निघते. क्रूस खांद्यावर घेतलेल्या काळ्या येशूच्या मूर्तीचा रथ ओढायला लाखो भाविक अनवाणी येतात. नवस फेडायचा तो दोराला खांदा लावून. खेड्यात कुणाला घर हलवायचं असलं की शेजारी घराखाली बांबू घालून अख्खं घर खांद्यावर उचलून नेत. त्याला ‘बयानीहान’ म्हणतात, आणि त्यातला ‘बयानी’ म्हणजे वीर. तोच शब्द 1988 मध्ये राष्ट्राध्यक्ष कोराझोन आकिनो यांनी हाँगकाँगमध्ये घरकाम करणाऱ्या स्त्रियांसमोर वापरला: ‘बागोंग बयानी’, नवे वीर. 1974 च्या कामगार कायद्याने परदेशी नोकरीला सरकारी चौकट दिली होती, आणि तेव्हापासून या देशाचा संसार परक्या घरांत, इस्पितळांत आणि जहाजांवर राबणाऱ्यांनी तोलून धरला आहे. जगातला साधारण दर चौथा खलाशी फिलिपिनो, असं सांगतात. मला या गौरवाने एकीकडे भरून येतं आणि दुसरीकडे राग येतो. वीर म्हटलं की ओझं हलकं होत नाही. ‘पामाहालाअन’ नावाच्या संस्थेने आपल्या नावातला भार आधी स्वतः उचलावा, मग वीरांना हार घालावेत. रत्नागिरीच्या ज्या वाड्यांमधून माझ्यासारखी मुलं बोटीवर जातात, तिथेही हे तितकंच लागू आहे.

बथालाची व्युत्पत्ती चुकीची ठरली म्हणून ती मी फिटरला ‘दुरुस्त’ करून सांगितली नाही. स्पॅनिश राजवटीने ज्या देवाची पूजा थांबवली, त्याला लोकांनी एका रोजच्या शब्दात जागा करून दिली. ही आठवण खोटी नाही, तिचा पत्ता तेवढा वेगळा आहे. मी त्याला एवढंच सांगितलं की माझ्या भाषेत ‘भार’ म्हणजे वजन, आणि तुमचा शब्द बहुधा त्याचाच भाऊ. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग क्रेनच्या हुकाकडे पाहत म्हणाला, “मग आम्ही बरोबरच म्हणतो, थर्ड.”

करार संपवून मी उतरलो तेव्हा एका पंपाची गळती अर्धवट राहिली होती. रिलीव्हरला लिहून दिलेल्या कागदावर ती पहिल्या क्रमांकाला होती, तरी जीव अडकला होता. गँगवेवर फिटर माझी बॅग घेऊन उभा होता. त्याने ओळखलं असावं. “अको ना आंग बहाला,” तो म्हणाला, आणि बॅग खाली लाँचवर उतरवली. लाँच सुटल्यावर मी घरी फोन लावला. आईला पंपाचं सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, देवाला काळजी. मी सांगितलं नाही. ती काळजी आता बातांगासच्या माणसाने घेतली होती.