दारावरची थाप

सुरतेहून भुसावळकडे जाणारी गाडी नवापूर सोडून नंदुरबारच्या वाटेला लागली, की मध्ये चिंचपाडा नावाचे एक लहानसे स्टेशन येते. नवापूरचे स्टेशन तर मोठे गमतीचे. त्याचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत! या टापूत मावची, कोकणा आणि भिल्ल यांचे पाडे विखुरलेले आहेत. पाड्यावरच्या अंगणात चार-दोन कोंबड्या नाहीत, असे घर सहसा आढळायचे नाही. शहरवासीयाला कोंबडी म्हणजे बाजारातला एक जिन्नस. येथल्या बाईला ती अडीअडचणीची शिल्लक, पाहुण्याचा मान आणि देवाचा नवस असे सगळे एकदम असते.

चिंचपाड्यात १९४२ सालापासून मिशनचे एक रुग्णालय आहे. दुखणाईत तिथे आपल्या पायांनी, नाही तर नातलगांच्या खांद्यावरून जातो. डॉक्टरचे ऐकावे की भगताकडे वळावे, हे शेवटी ज्याचे तो ठरवतो. साथीच्या दिवसांत मात्र हा क्रम उलटा होतो. तेव्हा वैद्य आपण होऊन दारात येतो, कुणी न बोलावता येतो, आणि त्याच्या पाठीशी कायदा उभा असतो.

नवापूर तालुक्याला या थापेचा अनुभव २००६ च्या फेब्रुवारीत आला. तेथल्या कुक्कुटपालन केंद्रांत कोंबड्या मरू लागल्या होत्या. प्रथम वाटले, नेहमीचाच राणीखेत रोग असावा. भोपाळच्या प्रयोगशाळेत नमुने गेले, आणि हा 'बर्ड फ्ल्यू' असल्याचे १८ फेब्रुवारीला जाहीर झाले. भारतातली त्याची ही पहिलीच नोंद. ठरावीक परिघातल्या साऱ्या कोंबड्या मारून पुरण्याचा हुकूम निघाला, आणि मोठ्या केंद्रांतल्या पक्ष्यांबरोबर परसातल्या कोंबड्यांवरही गदा आली. त्या परसातल्या कोंबडीला काही झालेले नव्हते; होण्याचा संभव होता, इतकेच. सर्वांच्या जिवासाठी एकाचे दार कितपत उघडायला लावावे, आणि उघडल्यावर आत शिरणाऱ्याने कसे वागावे, हा प्रश्न महाराष्ट्राला तेव्हा नवा नव्हता. एकशेनऊ वर्षांपूर्वी तो पुण्याच्या वाड्यावाड्यांतून विचारला गेला होता, आणि त्याचे उत्तर रक्ताने लिहिले गेले होते.

ती गोष्ट मुंबईत सुरू झाली. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागातल्या रोग्यांना तपासताना डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी ओळखले की हा ताप साधा नव्हे, ही ग्रंथिक सन्निपाताची साथ आहे. आपल्या आजी-पणजीच्या तोंडी या रोगाला एकच शब्द असे : 'पिलेग'. वाईट बातमी आणणाऱ्याचे स्वागत कोण करतो? व्यापार बसेल, बंदर बंद पडेल, म्हणून त्यांच्या निदानावर शंका घेणारे पुष्कळ निघाले. पण माणसे मरत होती, आणि बघता बघता शहराची सुमारे निम्मी वस्ती गावोगाव पळाली. आगगाडीने माणसे नेली आणि त्यांच्या बोचक्यांबरोबर रोगही नेला. इस्पितळाविषयी तर लोकांच्या मनात रोगापेक्षाही अधिक धास्ती. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. कारण तिथे नेला जाई तो शेवटच्या घटका मोजणारा. ऑक्टोबर महिन्यात गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला चढवला तो या भीतीपोटीच.

सरकारने तातडी केली. २८ जानेवारी १८९७ रोजी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात विधेयक मांडले गेले आणि ४ फेब्रुवारीला साथीच्या रोगांचा कायदा मंजूरही झाला. अवघी चार कलमे! पहिल्यात नाव आणि व्याप्ती. दुसऱ्याने सरकारला वाटतील ते तात्पुरते नियम करण्याची मुभा दिली. प्रवाशांची तपासणी आणि संशयितांना वेगळे ठेवणे त्यातच आले. तिसऱ्याने नियम मोडणाऱ्याला शिक्षा सांगितली. चौथ्याने सद्हेतूने केलेल्या कृत्याबद्दल अंमलदारावर दावा चालणार नाही, असे ठरवले. घरात कसे शिरायचे ते या चार कलमांत सारे आले. ज्याच्या घरात शिरायचे त्याने गाऱ्हाणे कुणाकडे न्यायचे, याबद्दल एक ओळ नाही.

हा कायदा पुण्यात कसा राबवला गेला ते शाळकरी मुलालाही ठाऊक असते, परंतु आपल्या स्मरणात राहतो तो पिस्तुलाचा बार. त्याआधीचे सव्वादोन महिने आपण विसरतो. वॉल्टर चार्ल्स रँड हा सातारचा अधिकारी फेब्रुवारीत प्लेग कमिटीचा प्रमुख म्हणून पुण्यात आला. १३ मार्चपासून १९ मेपर्यंत गोऱ्या सोल्जरांच्या तुकड्या घरोघर झडत्या घेत फिरल्या. हुकमाच्या कागदांत सभ्यपणाची कलमे होती, हे इतिहासाला धरून सांगितले पाहिजे. पण ज्या शिपायाला ना भाषा कळत, ना सोवळे-ओवळे, ना माजघर आणि देवघर यांतला फरक, त्याच्या बुटांना ती कलमे कोण वाचून दाखवणार? माणसे छावणीत गेली, अंथरुणे-पांघरुणे जळली, घरांच्या जमिनी उकरल्या गेल्या. २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाची मेजवानी आटोपून येत असता, गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला; रँड ३ जुलैला वारला. दामोदरपंत चापेकर पुढल्या वर्षी फासावर गेले, आणि १८९९ च्या मे महिन्यात बाळकृष्ण, वासुदेव आणि महादेव रानडे. गोळीचे समर्थन वा निषेध करण्यासाठी मी हे सांगत नाही. ज्याला गाऱ्हाणे मांडायला कचेरी नसते तो कोणत्या थराला जातो, हे मात्र तिथे दिसले.

प्लेगचा बंदोबस्त करूच नये, असे त्या वेळी पुण्यात कुणी शहाणा माणूस म्हणत नव्हता. टिळक शहर सोडून गेले नाहीत. त्यांनी हिंदूंसाठी वेगळे प्लेगचे इस्पितळ उभे करण्यात पुढाकार घेतला, आणि रोग्याला वेगळे ठेवणे आवश्यक आहे, हे ते लोकांनाही सांगत होते. त्यांचा वाद होता तो रीतीशी. त्याच दिवसांत शहराबाहेर हडपसरजवळ डॉ. यशवंतराव फुले यांनी दवाखाना थाटला होता. त्यांच्या आई सावित्रीबाई मुंढव्याच्या वस्तीतून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन तिथे आल्या. त्यांनाही रोग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. पुण्यातल्या झडत्या सुरू झाल्या त्या त्यानंतर तिसऱ्या दिवशी. रोग्याला घरातून हलवण्याच्या या दोन तऱ्हा एकाच आठवड्यातल्या आहेत!

आणखी एक प्रसंग मला फार बोचतो. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तिथल्या वृत्तपत्रात सांगितले की सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केले. सरकारने पुरावा मागितला. गोखले परत आले तेव्हा पुढे येऊन साक्ष द्यायला कुणी तयार होईना. आपल्या घरातल्या बाईची विटंबना झाली हे कोणता गृहस्थ कचेरीत उभा राहून सांगणार होता, आणि ती बाई तरी कशी सांगणार होती? मित्रांची नावे न सांगता गोखल्यांनी जाहीर माफी मागितली, आणि स्वकीयांचे टोमणे वर्षानुवर्षे सोसले. सरकारी दप्तरात आरोप निराधार ठरला. दप्तराला पुरावा हवा असतो, तो बरोबरच आहे. पण जिथे पुरावा देणेच अब्रूवर बेतते, तिथे पुरावा नसणे म्हणजे अपराध नसणे नव्हे, एवढा विवेक त्या दप्तरात नव्हता.

या साऱ्या प्रकरणातला विधिलिखित विनोद असा, की ज्या शास्त्राच्या नावाने दारे फोडली गेली ते शास्त्रच अजून अर्धे होते. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने उंदरावरची पिसू रोग पसरवते हे कराचीत १८९८ साली दाखवले. आणि ते सर्वमान्य व्हायला पुढे आणखी काही वर्षे लागली. म्हणजे माणसांचे कपडे उतरवून काखा-जांघा तपासल्या जात होत्या, तेव्हा खरा आरोपी धान्याच्या कोठारात निर्धास्त फिरत होता. उंदीर पडू लागताच घरे सोडून माळावर झोपड्या घालणारे आपले खेडूत, कारण न जाणताही, अधिक शहाणे ठरले.

सरकारला शहाणपण आले ते दंग्यातून. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईच्या मदनपुऱ्यात विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला प्लेगच्या डॉक्टराने तपासण्यावरून दंगल पेटली; गोळीबार झाला, माणसे मेली. त्यानंतर धोरण मवाळ होत गेले. घरझडत्या सैल झाल्या, जातीजमातींची स्वतंत्र इस्पितळे चालू दिली, आणि भर लशीवर आला.

लस तयार केली ती वाल्डेमार हाफकिन यांनी, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लगोलग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर प्रयोग झाला. ते कैदी राजीखुशीने पुढे आले होते, असे सांगतात. चार भिंतींत कोंडलेल्या, बाहेर साथ आणि आत साथ अशा माणसाच्या 'हो' म्हणण्याला राजीखुशी म्हणावे काय, हा प्रश्न वैद्यकाच्या नीतिशास्त्रात आजही सुटलेला नाही. हाफकिनसाहेबांचा स्वतःचा भर मात्र मन वळवण्यावर होता, आणि आगाखानांसारख्यांनी चारचौघांत लस टोचून घेऊन जे काम केले ते पोलीस-पार्टीला जमले नसते. पुढे ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस घेतलेले १९ लोक धनुर्वाताने दगावले. एका बाटलीतला तो दोष. पण हाफकिनांना निलंबित केले गेले आणि निर्दोष ठरायला १९०७ उजाडले. परळच्या संस्थेला १९२५ साली त्यांचे नाव मिळाले. अंमलदाराला चौथ्या कलमाचे चिलखत होते, शास्त्रज्ञाला नव्हते, असा त्याचा अर्थ मी घेतो.

आता नवापूरकडे वळू. तिथे १८९७ पेक्षा एक गोष्ट निःसंशय चांगली होती : मारलेल्या पक्ष्याची भरपाई देण्याचे धोरण होते. त्यात दयेपेक्षा व्यवहार अधिक आहे. भरपाई नसेल तर मालक आजार लपवील, आणि लपवलेला रोग चौपट पसरेल. पैसे मारलेल्या पक्ष्याचे मिळतात, आधीच रोगाने मेलेल्याचे नाही. म्हणजे लवकर कळवील त्याचा फायदा. योजना हुशारीची खरी. पण ती शेड असलेल्या, हिशेबाची वही ठेवणाऱ्या मालकाला जशी कळते तशी पाड्यावरच्या बाईला कळत नाही. नवसाला बोललेल्या कोंबड्याचा भाव कोणत्या तक्त्यात लिहिलेला असतो? शिवाय रोगाचा गवगवा झाल्याने कोंबडीचा बाजार देशभर कोसळला, त्याची भरपाई कुणी कुणाला द्यायची? नवापुरात एकाही माणसाला त्या रोगाची बाधा झाल्याचे सिद्ध झाले नाही. कत्तल व्यर्थ होती असा याचा अर्थ काहीजण काढतात. कत्तल झाली म्हणूनच माणसे वाचली असाही काढता येतो. साथ टळली की ती टाळण्याचे श्रेय आणि दोष दोन्ही अधांतरी राहतात, ही या धंद्यातली मोठी अडचण आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत नवापूरला तोच रोग पुन्हा आला आणि पुन्हा लाखो पक्षी मारावे लागले.

त्याआधीच्या वर्षी करोनाच्या निमित्ताने तो चार कलमांचा कायदा साऱ्या देशात बाहेर काढला गेला होता. प्लेगच्या मुंबईत मृत्यू झालेल्या घरावर तांबडे वर्तुळ रंगवीत. २०२० साली रोग्याच्या दारावर कागद चिकटवू लागले. त्या वर्षीच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अधिकृत आदेशावाचून असे कागद लावू नयेत. त्याआधी एप्रिलमध्ये वटहुकूम काढून, आणि मग सप्टेंबरात कायदा करून, डॉक्टर-परिचारिकांवर हात टाकणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद सांगितली गेली. आर्थर रोडची आठवण असलेल्या कुणालाही ती तरतूद योग्यच वाटेल. २०२४ च्या फेब्रुवारीत विधी आयोगाने हा कायदा आजच्या काळाला अपुरा आहे असा अहवाल दिला. अंमलदारावर दावा चालणार नाही असे सांगणारे चौथे कलम २०२० च्या दुरुस्तीत होते तसेच राहिले, आणि दार उघडणाऱ्याने गाऱ्हाणे कुठे न्यायचे, हे त्या दुरुस्तीनेही सांगितले नाही.