देवळातील आखाडा

शिगम्यात डिचोलीकडे कंबरेला घोडे बांधून घोडेमोडणीचे गडी तरवारी उगारून नाचू लागले, की आम्हांस जपान आठवतो. १८८२ साली जिगोरो कानो यांनी तोकियोच्या एईशोजी या बौद्ध मंदिरातच ज्यूदोचा आखाडा मांडिला. हे गृहस्थ पेशाने शिक्षक; सरावातून घातक पेच वगळून, पडावे कसे हे ते आधी शिकवीत. १९११ पासून ही विद्या तेथील माध्यमिक शाळांत शिरली. १९२९ मध्ये रवींद्रनाथांनी ताकागाकी या गुरूंना आणवून शांतिनिकेतनात मुलींनाही ती शिकविली. डिचोली १७८१ मध्ये व पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगिजांकडे गेले. तरी देवाच्या आश्रयाने आमच्याकडे रणाची आठवण तगली. पण तरवार धरावी कशी, हे शाळेत शिकविणारा कानो तिला लाभला नाही.