पिवळा बोकड

ब्लॅक मेटल ऐकायचं तर सुरुवात 'बर्झम'पासून कर, असं मला दोन वेगवेगळ्या लोकांनी सांगितलं. दोघंही संगीतातले जाणकार. घरी येऊन नाव शोधलं. बर्झम म्हणजे वर्ग विकेर्नेस या नॉर्वेजियन माणसाचं एकट्याचं काम. 10 ऑगस्ट 1993 रोजी त्यानं ऑस्लोत 'मेहेम'चा गिटारवादक युरोनिमस याचा सुऱ्यानं खून केला. मरणाऱ्याचं वय 25, मारणाऱ्याचं 20. दोघंही आज माझ्याहून लहान. चर्च जाळल्याचे गुन्हेही सिद्ध झाले आणि विकेर्नेसला 21 वर्षांची शिक्षा झाली. मी हेडफोन काढून ठेवले.

मग उलटा प्रवास करायचं ठरवलं. एखादा जुना कोड समजत नसेल तर आम्ही त्याचा इतिहास उघडून पहिली ओळ कुणी लिहिली ते बघतो. इथं मागे गेलं की पहिलं नाव 'व्हेनम'चं लागतं. इंग्लंडातल्या न्यूकॅसलचा हा बँड. 1982 साली त्यांच्या दुसऱ्या अल्बमचं नावच 'ब्लॅक मेटल' होतं. पण ते नाव मिळालं तरी आवाज मिळाला तो स्टॉकहोमच्या एका पोराकडून. टोमास फोर्सबर्ग, जन्म 1966. त्यानं स्वतःला 'क्वॉर्थन' म्हणवून घेतलं, खरं नाव बरीच वर्षं लपवलं आणि 1983 मध्ये 'बाथरी' नावाचा बँड काढला.

1984 मध्ये 'स्कँडिनेव्हियन मेटल अटॅक' या संकलनात बाथरीची दोन गाणी आली. श्रोत्यांची पत्रं यायला लागली ती मुख्यतः याच अनोळखी बँडबद्दल. मग घाईघाईनं पूर्ण अल्बम करायचं ठरलं. स्टुडिओ म्हणजे एका गॅरेजचं केलेलं रूपांतर, नाव मात्र 'हेवनशोर'. पैसे नव्हते, वेळ नव्हता, गायक-गिटारवादक 18 वर्षांचा. मुखपृष्ठावर सोनेरी बोकड हवा होता, पण सोनेरी छपाई परवडेना. त्यातल्या त्यात जवळचा रंग द्या म्हटल्यावर चक्क पिवळाधमक बोकड छापून आला. पहिल्या हजार प्रती तशाच निघाल्या, मग तो रंग काढून टाकला. आज संग्राहक त्याच पिवळ्या बोकडामागे धावतात.

हा अल्बम मी रात्री अकराला लावला. सुरुवातीची तीन मिनिटं नुसता वारा आणि घंटा. मग जे सुरू झालं त्याला माझ्याकडे पहिला शब्द होता 'खरखर'. गिटार ऐकू येत नाही, तिचा धूर ऐकू येतो. ढोल कुठेतरी पलीकडच्या खोलीत. आणि आवाज? घसा सोलवटलेला माणूस भिंतीमागून ओरडतोय असा. अर्ध्या तासाच्या आत सगळं संपतं. मला आवडलं असं म्हणणार नाही. पण दुसऱ्यांदा लावलं, हेही खरं.

पुढे गंमत अशी झाली की गरिबीतून आलेला हा आवाज नॉर्वेतल्या पोरांना तत्त्व वाटला. 'डार्कथ्रोन'नं 1994 चा 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' चार ट्रॅकच्या यंत्रावर घरीच ध्वनिमुद्रित केला, आणि तोवर स्वच्छ आवाज म्हणजे गद्दारी असा समज रुजला होता. बगचं फीचर झालं, असं आमच्याकडे म्हणतात. इथं बगचा धर्म झाला.

क्वॉर्थन स्वतः मात्र त्या धर्मातून कधीच बाहेर पडला होता. सैतान हाही शेवटी ख्रिस्ती लोकांनीच निर्माण केलेला, तेव्हा त्याला पुजून आपण त्यांच्याच घरात बसतो, अशा अर्थाचा विचार त्यानं केला आणि तो व्हायकिंगांकडे वळला. 1988 चा 'ब्लड फायर डेथ' घोड्यांच्या खिंकाळण्यानं उघडतो. 1990 चा 'हॅमरहार्ट' लाटांच्या आवाजानं. याचं पहिलंच गाणं अकरा मिनिटांचं आहे. संथ, जड, मागे समूहगान. आणि क्वॉर्थन इथं चक्क गातो! सूर सुटतो, वरच्या पट्टीत आवाज फाटतो, शिकलेला गळा नाही हे लगेच कळतं. गणपतीच्या आरतीत एखादा काका आपल्या आवाक्याबाहेरचा सूर धरतो आणि सोडत नाही, तसं काहीतरी. मला रात्री दीड वाजता घशात दाटून आलं. का, ते सांगता येत नाही.

शेवटच्या मोठ्या गाण्यात एक परका घोडेस्वार गावात येतो, नव्या देवाचं नाव सांगतो आणि लोकांकडून चर्च बांधून घेतो. आता मुखपृष्ठाकडे बघा. 'हॅमरहार्ट'वरचं जळतं जहाज फ्रँक डिक्सी या इंग्रज चित्रकारानं 1893 मध्ये काढलेलं. 'ब्लड फायर डेथ'वरची आकाशातली स्वारी पेटर निकोलाई आर्बोची, 1872 ची. म्हणजे स्वीडिश पोरानं 'आपला' हजार वर्षांपूर्वीचा भूतकाळ घेतला तो एकोणिसाव्या शतकातल्या रंगपेटीतून. गडावरच्या फ्लेक्सवरचे मावळे पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटू नये.

क्वॉर्थनकडे तो कल्पनेचा खेळ राहिला. पण 6 जून 1992 ला बर्गेनजवळचं फान्टोफ्टचं लाकडी चर्च जळलं. मूळ साधारण 1150 चं, 1883 मध्ये उचलून तिथं आणलेलं. नॉर्वेतल्या अशा चर्चांच्या छपरांच्या टोकांवर ड्रॅगनची मुंडकी कोरलेली असतात. ख्रिस्ती होऊनही सुतारांचे हात जुनंच कोरत राहिले होते. पूर्वजांच्या नावानं जे पेटवलं गेलं, त्यात पूर्वजांचं कसब होतं. चर्च पुढे नव्यानं बांधलं, 1997 मध्ये पूर्ण झालं. लाकूड अर्थातच नवं.

दोष क्वॉर्थनचा का? मला नाही वाटत. पण 'हॅमरहार्ट' ऐकताना अंगावर आलेला काटा आणि त्या पोरांच्या अंगावर आला असेल तो काटा वेगळा होता, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. तेच गाणं, तीच हाक. त्या रात्री मी उठून पाणी प्यायलो आणि ऑफिसचे मेल बघितले, एवढाच फरक.

बाथरीच्या सुरुवातीच्या दिवसांत ढोल वाजवणारा योनास ओकरलुंड पुढे चित्रपट दिग्दर्शक झाला. नॉर्वेतल्या त्या खुनावरचा 2018 चा 'लॉर्ड्स ऑफ केऑस' त्याचाच. क्वॉर्थन तो पाहायला उरला नव्हता. सुरुवातीचे मोजके कार्यक्रम सोडले तर तो मंचावर गेलाच नाही, आणि जून 2004 मध्ये स्टॉकहोममधल्या आपल्या घरात हृदय बंद पडून गेला. वय 38.

'हॅमरहार्ट' आता फोनमध्ये उतरवून ठेवलाय. बर्झम अजून लावलेलं नाही.