दगड झालेली झाडं कुणाची?

गेल्या व्याख्यानात आपण किल्ल्यांच्या दगडांबद्दल बोललो. आज एका वेगळ्या दगडाकडं वळू, जो एके काळी झाड होता.

आपला पन्हाळा, जोतिबाचा डोंगर हे सगळं लाव्हाचं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं. मी सांगणार आहे ती झाडं त्याच्याही कितीतरी आधीची. झाड नदीच्या पुरात वाहून आलं आणि कुजायच्या आत गाळाखाली गाडलं गेलं, तर त्याला हवा मिळत नाही. मग जमिनीतलं पाणी सिलिका घेऊन त्यात झिरपतं आणि पेशीपेशीत गारगोटी भरते. आकार लाकडाचा राहतो, वर्षवलयंसुद्धा दिसतात, पण हातात घेतलं की दगड!

असं सगळ्यांत प्रसिद्ध रान अमेरिकेत, ॲरिझोनाच्या वाळवंटात आहे. झाडं वीस कोटी वर्षांहून जुनी. 1880 च्या दशकात तिथून रेल्वे गेली आणि हे रंगीत ओंडके गाडीत भरून जायला लागले. कुणी टेबलाचे तक्ते करायला नेले, कुणी नुसती आठवण म्हणून. ओंडके भरडून पॉलिशची पूड करायची गिरणीसुद्धा तिथं आणली गेली. तेव्हा स्थानिक लोकच जागे झाले. 1895 मध्ये तिथल्या विधिमंडळानं वॉशिंग्टनला अर्ज केला की हे रान राखा. 1906 च्या जूनमध्ये प्राचीन वस्तूंच्या रक्षणाचा कायदा झाला आणि त्याच वर्षी 8 डिसेंबरला अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हे रान राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं. 1962 च्या डिसेंबरात ते राष्ट्रीय उद्यान झालं. आपलं शिवाजी विद्यापीठ त्याच्या आदल्याच महिन्यातलं!

त्या कायद्यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. माणसानं बांधलेल्या वास्तूबरोबर शास्त्राच्या दृष्टीनं मोलाची वस्तूही त्यात धरली होती.

आता आपल्याकडं बघा. जैसलमेरजवळच्या अकलला वाळवंटातच अशा ओंडक्यांचं उद्यान आहे. आणि आपल्या महाराष्ट्रात? गडचिरोलीच्या टोकाला, सिरोंचा तालुक्यात, वडधमला. हे वाळवंट नव्हे, चांगलं जंगल आहे. तिथं वनखात्यानं जीवाश्म उद्यान केलंय.

हा मुलूख शास्त्रज्ञांना नवा नाही. 1845 साली नागपूरला आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी सिरोंचाजवळच्या कोटा गावच्या थरांचा अभ्यास केला. तिथल्या चुनखडीत माशांचे जीवाश्म मिळाले होते. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज यांच्याच नावाचं. पुढं 1960 च्या सुमारास याच खोऱ्यात, आता तेलंगणात असलेल्या पोचमपल्लीला एक अवाढव्य डायनोसॉर निघाला. ते वर्ष रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं, म्हणून त्याचं नाव बारापासॉरस टागोराय. त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे.

हाडांना संस्थेचं छप्पर मिळालं. झाडं मात्र आहेत तिथंच, उघड्यावर. त्यांच्यामागं कुठला कायदा? आपला 1958 चा प्राचीन स्मारकांचा कायदा इमारती, लेणी, शिलालेख अशा किमान शंभर वर्षं जुन्या गोष्टींचा आहे. शंभर वर्षांची समाधी त्यात बसते. कोट्यवधी वर्षांचं झाड त्याच्या डोळ्यांपुढं नव्हतंच. 2022 च्या डिसेंबरात केंद्रीय खाण मंत्रालयानं भूवारशासाठी वेगळ्या कायद्याचा मसुदा लोकांपुढं ठेवला. पण मसुदा म्हणजे कायदा नव्हे.

कुणी म्हणेल, एक तुकडा घरी आणला तर काय बिघडलं? बिघडतं ते असं. ओंडका कुठल्या थरात, कुठल्या दिशेला तोंड करून, कशाशेजारी पडलाय, यावरून नदी कुणीकडून वाहत होती ते कळतं. तो शोकेसमध्ये ठेवला की हे सगळं पुसलं जातं. ॲरिझोनातून तुकडे उचलून नेलेले लोक आजही ते पत्रासह परत पाठवतात. पण तुकडा नेमक्या कुठल्या जागचा, ते कुणाला सांगता येत नाही. तो परत जागेवर ठेवताच येत नाही.

तेव्हा सिरोंचाला जा, मुलांना न्या, ओंडक्याला हात लावून बघा. आणि रिकाम्या हातांनी परत या.