सदतिसाव्या वर्षी नागपूरला

अलोऱ्याच्या कोयना वसाहतीत माणूस निवृत्त झाला की शाल-श्रीफळ होई आणि काही दिवसांत क्वार्टर सोडावं लागे. बाबा वीजगृहात होते. आमचंही सामान असंच टेंपोत चढलं. म्हणून कुणी खेळाडू संघ सोडतो असं वाचलं की मला आधी तो टेंपो दिसतो.

कागदावर आमचा रत्नागिरी जिल्हा पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेत. पण घरटी एक चाकरमानी परळ-लालबागला, म्हणून आमचा जीव मुंबईच्या संघात. १९५८-५९ पासून सलग १५ वेळा रणजी करंडक जिंकलेला संघ. तो आपला मानायला फारसं धाडस लागत नाही!

२०१५ मध्ये वसीम जाफर मुंबई सोडून विदर्भाकडे गेला. बसचालकाचा मुलगा, अठराव्या वर्षी दुसऱ्याच प्रथम श्रेणी सामन्यात राजकोटला नाबाद ३१४, पुढे २००८-०९ आणि २००९-१० मध्ये कप्तान म्हणून करंडक. तेव्हा वय ३७. मुंबईच्या संघटनेने ना हरकत दिली. मला खटकलं.

तशी ही चाल जुनीच. विनू मंकड मुंबईनंतर राजस्थानकडून खेळले. मूळ नागपूरचे सी. के. नायुडू होळकर संघ गाजवून, वयाच्या साठीनंतर उत्तर प्रदेशकडून उतरले. दुबळ्या संघाला मोठा माणूस हवा असतो, मोठ्या संघाच्या दारात पोरांची रांग असते.

बरं, मुंबईचं चुकलं म्हणावं, तर जाफरविना त्याच मोसमात तिने ४१ वा करंडक जिंकला. पुढच्या वर्षी इंदूरला अंतिम सामन्यात गुजरातकडून हरली, आणि प्रशिक्षक चंद्रकांत पंडितही विदर्भाकडे गेले. म्हणजे मुंबईचे दोन खडूस नागपुरात. १९५७-५८ पासून रणजी खेळणाऱ्या विदर्भाला तोवर करंडक दिसला नव्हता. त्याच इंदूरला, १ जानेवारी २०१८ रोजी, फैझ फझलच्या संघाने दिल्लीला नऊ गडी राखून हरवलं. रजनीश गुरबानीची हॅट्‌ट्रिक सगळ्यांच्या लक्षात राहिली. विजयी फटका मात्र जाफरचा होता. मार्चमध्ये, चाळिशी उलटल्यावर, त्याने इराणी करंडकात शेष भारताविरुद्ध २८६ केल्या. पुढच्या मोसमात हजारावर धावा, आणि विदर्भाचा दुसरा करंडक.

त्याच मोसमात, डिसेंबरात, मुंबई नागपूरला खेळायला आली. जाफरने १७८ काढल्या, मुंबई डावाने हरली. संध्याकाळी मी बाबांना फोन केला.

“मुंबई हरली ना रे?”

“हरली. जाफरने १७८ मारल्या.”

“मग त्या आपल्याच की.”