गाडी, घर आणि कसोटी

वऱ्हाडांतील जुन्या खेड्यांत सुताराच्या अंगणांत दोन तऱ्हेचीं कामें शेजारीं शेजारीं चाललेलीं दिसत. एका बाजूस बैलगाडीचें चाक जुळत असे. तुंब्यांत आरे ठोकले जात, आऱ्यांवर पुठ्ठे चढत. दुसऱ्या बाजूस कोणाच्या तरी घराची चौकट किंवा तुळई तासली जात असे. गाडी करणारा हात निराळा आणि घर करणारा हात निराळा, हा भेद त्या कारागिराच्या ध्यानींमनींहि नव्हता. वास्तुविद्येच्या शाळांतून विद्यार्थ्यांना इमारतींच्या नकाशांबरोबर कल्पनेंतलीं वाहनें आणि इमारतींचे सुटे भाग स्वतः घडवावयास लावतात व त्यांची परीक्षा घ्यावयास लावतात, हें ऐकून पुष्कळांना तो परक्यांचा नवा छंद वाटतो. घर बांधणाऱ्यानें गाडी कशाला करावी, असें ते विचारतात. या प्रश्नाचें उत्तर इतिहासांत शोधलें पाहिजे.

आपले प्राचीन शिल्पग्रंथ हा भेद मानीत नाहींत. 'मयमत' या ग्रंथांत वास्तूचे चार प्रकार सांगितले आहेत : भूमि, प्रासाद, यान आणि शयन. म्हणजे जमीन, तिजवरील इमारत, चालणारें वाहन आणि निजावयाचा पलंग हीं चारहि एकाच शास्त्राचीं अंगें होत. 'मानसार' या ग्रंथांतहि अशीच विभागणी असून रथाच्या घडणीस त्यांत स्वतंत्र अध्याय आहे. प्रयागचे प्रा. प्रसन्नकुमार आचार्य यांनीं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत 'मानसारा'चें संपादन केलें. आणि रावसाहेब कृष्णाजी विनायक वझे यांनीं जुने शिल्पग्रंथ धुंडाळून त्यांचें सार मराठी वाचकांपुढें ठेवलें. युरोपांतहि स्थिति फारशी निराळी नव्हती. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हिअस याच्या ग्रंथाचें दहावें प्रकरण सगळें यंत्रांविषयीं आहे, आणि धांवतांना अंतर मोजणारी गाडीहि त्यांत आहे. भार कोठून येतो, कोठें उतरतो आणि मधला सांधा तो पेलतो कीं नाहीं, हा प्रश्न गाडीच्या साठ्याला आणि घराच्या आढ्याला सारखाच लागू पडतो.

परंतु या दोहोंत एक मोठा फरक आहे, आणि तो म्हणजे कसोटीच्या वेळेचा. गाडीची परीक्षा रोज होते. चाकावर लोखंडी धाव बसवितांना ती गोवऱ्यांच्या जाळांत लाल करतात, चाकावर चढवितात आणि लगेच पाणी ओततात. लोखंड आकसतें आणि आरे व पुठ्ठे एकमेकांस घट्ट आवळले जातात. माप चुकलें असेल तर तें तेथल्या तेथें उघडें पडतें. त्यांतून निभावलें, तरी पुढें कापसाचें ओझें आणि पूर्णाकांठच्या काळ्या जमिनीचा चिखल आहेच. गाडी मोडली तर दोष सुताराच्या दारांत येऊन उभा राहतो, आणि पुढची गाडी सुधारते.

महाराष्ट्रांत अशी सुधारणा जाणूनबुजून केल्याचेंहि उदाहरण आहे. दक्षिणेंतल्या जुन्या गाड्यांचीं चाकें भरीव व बोजड असत, आणि त्या ओढावयास बैलांच्या अनेक जोड्या लागत. १८३० नंतरच्या दशकांत जमीन-पाहणीच्या खात्यांतील लेफ्टनंट गेसफर्ड यानें सोलापूर जिल्ह्यांतील टेंभुर्णी येथें गाड्यांचा कारखाना काढला व आऱ्यांच्या चाकांच्या हलक्या गाड्या करून दाखविल्या. शेतकऱ्यानें नकाशा पाहून ती गाडी घेतली नाहीं. तिचा ओढा हलका आहे, हें त्यानें आपल्या बैलांवरून पारखलें.

घराची कसोटी मात्र सावकाश होते. वऱ्हाडांतील धाब्याच्या घराला पहिला परीक्षक भेटतो तो मृगाचा पाऊस. धाबें गळलें कीं माळवदावर पांढरी, खारी माती आणखी घालावयाची, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय. पावसापुरता तो बरोबरहि असतो. पण दरसाल चढणारी ही माती भिंतींवरील भार वाढवीत असते, आणि त्या भाराचा हिशेब विचारणारा परीक्षक माणसाच्या उभ्या जन्मांत कदाचित् एकदांच येतो, किंवा येतहि नाहीं. म्हणून परंपरेनें चालत आलेलें ज्ञान दरवर्षीं येणाऱ्या संकटाविषयीं फार शहाणें असतें, पण शंभर वर्षांनीं येणाऱ्या संकटाविषयीं मुकें असतें.

इंग्रजी अमलांत शिक्षणाची जी घडी बसली, तिनें ही उणीव भरून काढावयास हवी होती. पण तिनें प्रथम कारागिरी व विद्या यांची फारकत केली. रुरकीचें विद्यालय १८४७ सालीं निघालें. पुण्यास १८५४ सालीं इंजिनियरिंगचा वर्ग सुरू झाला. मुंबईचें सर जमशेटजी जिजीभाई कलाविद्यालय १८५७ सालचें. तेथें १८९६ सालीं वास्तुविद्येचा जो वर्ग निघाला, तो मुख्यतः नकाशे काढणाऱ्या मदतनिसांसाठीं होता. चार वर्षांचा रीतसर अभ्यासक्रम १९१३ सालीं आला. वऱ्हाड त्या काळीं नागपूरच्या कारभाराखालीं होतें. अमरावतीस सरकारी इंजिनियरिंग कॉलेज निघावयास १९६४ साल उजाडलें. या शाळांनीं गणित दिलें, मोजमाप दिलें, रेषेची शिस्त दिली. पण विद्यार्थ्याचा हात लांकडाला लागेनासा झाला, आणि नकाशा सुबक असला म्हणजे इमारत सिद्ध झाली, अशी एक समजूत रूढ झाली.

विसाव्या शतकांत जगांतल्या कांहीं शाळांनीं ही समजूत मोडून काढावयास घेतली. १९१९ सालीं जर्मनींतील वायमार येथें वॉल्टर ग्रोपिअस यानें 'बाउहाउस' ही शाळा काढली आणि विद्यार्थ्यांना आधीं कर्मशाळेंत नेलें. याच ग्रोपिअसनें पुढें आडलर कंपनीच्या मोटारींचे सांगाडेहि रेखिले. अमेरिकेंत बकमिन्स्टर फुलर यानें १९३३ सालीं तीन चाकांची एक लांबोडकी मोटार तयार केली. मागच्या एका चाकानें वळणारी ही गाडी वेगवान होती. पण त्याच वर्षीं शिकागो येथें तिला अपघात होऊन तिचा चालक मरण पावला. ज्या वाहनाची परीक्षा आवारांत पुरी न होतां रस्त्यावर होते, त्याची किंमत अशी पडते.

हाच फुलर १९४८ च्या उन्हाळ्यांत ब्लॅक माउंटन कॉलेजांत शिकवीत होता. खिडकीच्या पडद्यांना लागणाऱ्या धातूच्या पट्ट्या जोडून त्यानें विद्यार्थ्यांकडून एक मोठा घुमट उभारविला. पट्ट्या वांकल्या, घुमट उठलाच नाहीं. मुलांनीं त्याला 'निजलेला घुमट' असें नांव ठेवलें. पुढच्या उन्हाळ्यांत त्यानें लहान पण अधिक ताठ घुमट केला, आणि विद्यार्थी त्याच्या दांड्यांना हातांनीं लोंबकळले. घुमट टिकला. पहिल्या वर्षाच्या फजितींत कोणाचाहि जीव गेला नाहीं, आणि दुसऱ्या वर्षाचें यश त्या फजितींतूनच निघालें. शाळेचें आवार असतें तें यासाठींच.

हा प्रश्न महाराष्ट्राच्या किती जिव्हारीं लागलेला आहे, हें ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे कळलें. गणपतींचें विसर्जन करून लोक निजले होते. किल्लारीच्या भूकंपानें लातूर आणि तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गांवेंच्या गांवें भुईसपाट झालीं. हजारों माणसें आपल्याच घरांखालीं गाडलीं गेलीं. मातींत रचलेल्या जाड दगडी भिंतींना आरपार जाऊन दोन्ही अंगें बांधून ठेवणारे लांब दगड नव्हते, आणि माथ्यावर माळवदाची मणावारी माती होती. पावसाच्या कसोटीस उतरलेलें घर धरणीच्या कसोटीस उतरलें नाहीं.

ही कसोटी अगोदर कशी घ्यावी, याचें उत्तर रुरकीस मिळतें. तेथील विद्यापीठांत १९६० सालीं भूकंपविषयक संशोधनाची शाळा निघाली. पुढें तेथें रुळांवरच्या वाघिणीसारख्या एका फलाटावर वीट-दगडांचीं छोटीं घरें बांधण्यांत येऊं लागलीं. त्याच रुळांवरील भरलेली वाघीण येऊन त्या फलाटावर आदळे, आणि घराला भूकंपासारखा हिसका बसे. कोपरे कोठें फुटतात, छपराखालीं सलग पट्टा घातला तर काय फरक पडतो, हें समोर दिसे. किल्लारीनंतर दगडी घरांच्या नमुन्यांचीहि अशी परीक्षा तेथें झाली. भिंतींतील आडवे पट्टे आणि आरपार दगड यांचा जो उपदेश गवंड्यांना केला जातो, त्याच्या मागें अशा धडकांचा पुरावा आहे. घर आणि गाडी यांचा जुना शास्त्रोक्त संबंध येथें अगदीं अनपेक्षित रीतीनें पुन्हां जुळलेला दिसतो.

वऱ्हाडांत या मार्गाला अनुकूल भूमि नाहीं असें नाहीं. अकोल्यास १९६९ सालीं स्थापन झालेल्या कृषि विद्यापीठांत घडलेली लहान डाळ-गिरणी खेडोपाडीं पोंचली, ती यंत्र करून, चालवून, पुन्हां सुधारण्याच्या रीतीमुळेंच. मेळघाटांत बांबू आहे. पूर्णेच्या खोऱ्यांत खारें पाणी आहे, आणि तें विटेला व गिलाव्याला काय करतें, हें तेथल्या कोणत्याहि जुन्या भिंतीच्या पायथ्याशीं पाहतां येतें. अमरावती-अकोल्याच्या विद्यार्थ्यानें एक हात लांबीची बांबूची कैची बांधावी आणि ती मोडेपर्यंत तिजवर वाळूचीं पोतीं चढवावीं. पांच विटा खाऱ्या पाण्यांत व पांच गोड्या पाण्यांत ठेवून वर्षानें त्या फोडून पाहाव्यात. माणसाच्या जोरावर चालणारी एखादी हलकी गाडी करून ती आषाढांत काळींतून ओढून पाहावी. यांत खर्च थोडा आहे. जें मोडेल तें लांकूड, बांबू आणि माती. आणि कोठें, किती भारानें मोडलें हें वहींत लिहिलेलें राहील. उद्यां त्याच विद्यार्थ्यानें रेखिलेल्या छपराखालीं एखादें कुटुंब निर्धास्त निजणार असतें. तें छप्पर किती पेलतें, याचा आंकडा त्या कुटुंबाच्या आधीं त्याला माहीत असला पाहिजे.