बियाण्याला थंडी नेमकी केव्हा बाधते?

मंडळी, तत्त्वज्ञानाच्या माणसाने बी-बियाण्यात कशाला शिरावं, असं कुणी म्हणेल. पण आजचा प्रश्न मला घरातच भेटला होता, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

1963च्या जानेवारीत सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी वडिलांनी विहिरीच्या पाण्यावर उन्हाळी भुईमूग टोकला. थंडी चांगलीच होती. दहा दिवस गेले, पंधरा गेले, वाफ्यात कुठे तरी एखादा कोंब. उकरून पाहिलं तर निम्म्याहून जास्त दाणे लिबलिबीत होऊन कुजलेले. सगळ्यांनी एकमताने ठरवलं, की बियाणं खराब. तालुक्याच्या गावच्या दुकानदाराशी भर बाजारात भांडण झालं. मी शाळकरी होतो, आणि वडिलांचं म्हणणं मला पूर्ण पटलं होतं.

आता, थंडीत बी नीट उगवत नाही हे शेतकऱ्याला माहीत नसतं का? माहीत असतंच. पण थंडी म्हणजे किती, हा एक प्रश्न; आणि ती बाधते केव्हा, हा दुसरा. पहिल्याचं नीट उत्तर मिळायला 1860 साल उजाडलं. दुसऱ्याला आणखी शंभर वर्षं लागली. मला बोलायचंय ते या शंभर वर्षांबद्दल.

युलियस झाक्स हा जर्मन माणूस. जन्म 1832, ब्रेस्लाऊचा. लहान वयात पोरका झाला, तेव्हा पुर्किन्ये या मोठ्या शरीरशास्त्रज्ञाने त्याला प्रागला साहाय्यक म्हणून नेलं. पुढे ड्रेस्डेनजवळच्या थारांटला असताना, 1860 मध्ये, त्याने उगवण आणि तापमान यांच्यावरचा निबंध छापला. थर्मामीटर तर आधीपासून होता. रेऑम्यूरने 1735 मध्येच रोजच्या तापमानाची बेरीज करून पीक केव्हा पिकेल याचा हिशेब मांडला होता. झाक्सने बेरीज सोडून दिली. त्याने प्रत्येक बियाण्याला तीन आकडे दिले: ज्याच्या खाली उगवण नाही तो, ज्याच्या वर उगवण नाही तो, आणि जिथे सर्वांत जलद होते तो. मूळच्या मेक्सिकोकडच्या, लाल फुलांच्या वेलघेवड्यासाठी हे आकडे आले 9.5, 46.2 आणि 33.7 अंश सेल्सिअस. गव्हाचा खालचा आकडा 5 होता. म्हणजे गहू ज्या गारव्यात खुशाल उगवतो, त्यात घेवडा नुसता पडून राहतो.

मला इथे अ‍ॅरिस्टॉटल आठवतो. त्याचा मध्यममार्ग आपण दोन टोकांच्या बरोबर मधला बिंदू समजतो, पण तो मध्य गणिती नव्हे असं त्याने स्वतःच बजावलंय. घेवड्याचंच बघा. 9.5 आणि 46.2 यांचा मध्य येतो 28च्या जवळ, पण बियाण्याला आवडतं 33.7. म्हणजे आवडीची जागा धोक्याच्या टोकाकडे सरकलेली! अ‍ॅरिस्टॉटलने आणखी एक गोष्ट सांगितली होती: योग्य तेवढं, पण योग्य वेळी. झाक्सच्या तीन आकड्यांत ही वेळ कुठेच नव्हती.

ती उणीव केंब्रिजच्या ब्लॅकमनने 1905 मध्ये दाखवली. त्याचं काम मुख्यतः पानांवरचं. त्याचं म्हणणं असं, की जास्त उष्णतेत सुरुवातीला वेग भरपूर असतो, पण तास उलटतील तसा तो घसरत जातो. मग सर्वांत अनुकूल तापमान कोणतं? तुम्ही किती वेळाने मोजता त्यावर ते ठरणार! एका फटक्यात त्याने त्या स्थिर आकड्याखालची सतरंजीच ओढली. तरीही पाठ्यपुस्तकांत तीन आकड्यांचे तक्ते चालूच राहिले. तक्ता सोयीचा असतो, त्याला कोण सोडतो?

मग 1966 साल. अमेरिकेच्या कृषी खात्यातले पोलॉक आणि टूल यांनी लाइमा बीनवर, म्हणजे आपल्या डबल बीवर काम केलं. हेही उष्ण हवेचं कडधान्य. कोरडं बी पहिल्यांदा पाणी पितं तेव्हाच पाणी गार असेल, तर ते जायबंदी होतं. नंतर ऊब दिली तरी रोप खुरटं राहतं किंवा मरतं. पण पहिलं पाणी उबेत पिऊ दिलं आणि मग गारवा दिला, तर बी बरंच तग धरतं. पोलॉकने पुढे असंही दाखवलं, की बी जितकं जास्त सुकलेलं, तितकी इजा जास्त. सुकलेल्या बियाच्या पेशींची आवरणं धड जागेवर नसतात. पाणी शिरल्यावर ती सावरतात, पण गारठ्यात सावरायला उशीर होतो आणि तेवढ्यात आतली साखर नि क्षार बाहेर झिरपतात. जमिनीतल्या बुरशीला आयतं जेवण. कडक उन्हात खणखणीत वाळवलेलं बियाणं आपण उत्तम समजतो, आणि साठवायला ते उत्तम असतंही. पण गार ओलीत पडताना तोच कोरडेपणा अंगाशी येतो.

हे वाचलं तेव्हा मला आईची आठवण झाली. उन्हाळ्यात ती मटकी साध्या पाण्यात भिजत घालायची, पण पौषात कोमट पाणी घ्यायची, आणि फडक्यात बांधलेलं पुरचुंडं चुलीजवळ ठेवायची. तिला मोड लवकर यायला हवे होते, एवढंच. शास्त्र तिने शोधलं असं मी म्हणणार नाही. असल्या दाव्यांचा आता कंटाळा आलाय. पण पहिलं पाणी कोमट हवं, ही काळजी झाक्सच्या तक्त्यात नव्हती आणि आमच्या स्वयंपाकघरात होती, हे खरं. तीच काळजी त्याच घराच्या शेतात मात्र नव्हती. पुरुषांना मोड कसे आणतात हे ठाऊक नव्हतं, आणि आईला पेरणीबद्दल कुणी विचारलं नाही.

आज उन्हाळी भुईमुगासाठी सल्ला असतो, की रात्रीचं तापमान 18 अंशांच्या वर गेल्याशिवाय पेरू नका. आमच्या दाण्यांचं पहिल्या पाण्यातच बिघडलं, की उगवण रेंगाळल्यामुळे ते कुजले, हे आता सांगता येणार नाही. बहुधा दोन्ही झालं असावं. वडिलांनी फेब्रुवारीच्या मध्याला, थंडी ओसरल्यावर, रिकाम्या जागी पुन्हा टोकण केली. नव्या बियाण्याला पैसे नव्हते, म्हणून त्याच पोत्यातले उरलेले दाणे वापरले. ते नवव्या दिवशी उगवून आले. त्या दुकानदाराशी बोलणं मात्र वडिलांनी पुन्हा कधी सुरू केलं नाही.

आता प्रश्न असतील तर घेऊ या.